बांबू पुन्हा पुन्हा पिवळा पडतोय? खत घालायच्या आधी पान बघा

शिमगा झाला की दरवर्षी मला एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. "बांबू पिवळा पडलाय, कुठलं खत घालू?" पुण्यात सोसायट्यांच्या बागा आणि गच्चीवरच्या कुंड्या सांभाळताना हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलंय की माझा पहिला प्रश्न आता ठरून गेलाय: पिवळं पडलेलं पान जुनं आहे की नवं? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. निम्मं निदान त्या एका गोष्टीवर होतं. खताचा प्रश्न आला तर शेवटी येतो, आणि तोवर दहातल्या आठ ठिकाणी खरं कारण सापडलेलं असतं. मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. आधी फुकटची तपासणी, मग थोड्या खर्चाची, आणि खणाखणी सगळ्यात शेवटी.

हे सगळं शोभेच्या बांबूंबद्दल आहे. हिरव्या रेघांचा पिवळा बांबू, कुंपणाला लावतात तो बारीक पानांचा दाट बांबू आणि फुगीर कांड्यांचा बुद्ध बांबू. तिन्ही बेट करून, म्हणजे एकाच जागी दाट पुंजक्याने वाढणारे. काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवतात तो 'लकी बांबू' मुळात बांबू नाही, तो ड्रासिना. त्याला यातलं काही लावू नका.

लक्षणं

तुमच्या बांबूत यातलं काय दिसतंय ते आधी नीट ठरवा. दोन-तीन लक्षणं एकत्रही असू शकतात.

- खालची, आतली, जुनी पानं एकसारखी पिवळी होऊन गळतात, शेंड्याकडची हिरवी राहतात.
- नवी पानं पिवळट किंवा पांढुरकी येतात, शिरा मात्र हिरव्या.
- पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन कागदासारख्या वाळतात.
- पानं लांबीत गुंडाळून सुईसारखी होतात.
- पानावर शिरांना समांतर फिकट पट्टे उमटतात.
- पानं चिकट लागतात, त्यांवर काजळी धरते, बांबूवर मुंग्यांची रांग असते.
- सगळं बेटच मलूल, मातीला कुजका वास.
- पावसाळ्यात कोंब येत नाहीत, किंवा दरवर्षी आधीपेक्षा बारीक येतात.

हे शेवटचं लक्षण लोक मोजतच नाहीत. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी कायमची ठरलेली असते. आंब्या-फणसाच्या खोडासारखा तो नंतर जाड होत नाही. त्यामुळे यंदाचा कोंब गेल्या वर्षीच्यापेक्षा बारीक आला, तर बेटाची ताकद कमी होतेय असं समजा, पानं कितीही हिरवी दिसोत.

महिना कोणता आहे?

बांबू बारा महिने हिरवा दिसतो, पण त्याचं प्रत्येक पान काही बारा महिने टिकत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे साधारण शिमग्याच्या आगेमागे आणि पाडव्यापर्यंत, जुनी पानं पिवळी होऊन झडतात आणि नवी येतात. ज्या काडीवर पिवळं पान आहे तिचं टोक बघा. तिथे पोपटी, गुंडाळलेली, टोकदार नवी पानं निघत असतील तर बांबू ठणठणीत आहे. पाणी नेहमीसारखं द्या आणि गप्प बसा. या काळात घाबरून दोन मुठी युरिया घातल्याने कोवळी पानं करपलेली मी पाहिली आहेत.

गळलेला पाला झाडून टेम्पोत भरून पाठवू नका, ही माझी सगळ्या सोसायट्यांना कळकळीची विनंती असते. बांबूच्या पानांत सिलिका भरपूर असते. पाला बुडाशीच कुजला की ती परत मातीत जाते, आणि चैत्र-वैशाखात ओल टिकवायला त्याच्याइतकं चांगलं आच्छादन विकत मिळत नाही.

सकाळी सातला बेटापाशी जा

दुपारी दोनला बांबूची पानं गुंडाळलेली दिसली तर लगेच पाण्याचा पाइप धरू नका. उन्हाच्या कडाक्यात पाणी वाचवायला तो पान मिटतोच, संध्याकाळी ते उघडतं. सकाळी सातलाही पान सुईसारखं गुंडाळलेलं असेल, तर मात्र मुळ्यांपर्यंत पाणी पोचत नाहीये. उलट पहाटे पानांच्या टोकांवर पाण्याचे टपोरे थेंब दिसले (दव नव्हे, थेंब फक्त टोकालाच असतात), तर माती ओली आहे आणि मुळ्या जोमाने पाणी ओढतायत. अशा बांबूचं पान पिवळं असेल तर कोरडेपणाची शंका सोडून पुढच्या तपासण्यांकडे वळा.

बोट, काडी आणि कुंडीचं वजन

कोथरूडला एका काकूंच्या गच्चीवर बुद्ध बांबूच्या चार मोठ्या कुंड्या होत्या. "रोज पाणी घालते हो, खालून वाहून जाईपर्यंत घालते, तरी वाळतोच," त्या म्हणाल्या. त्यांच्यासमोर मी एका कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वर थांबलंच नाही, सुर्रकन कडेने गेलं आणि काही क्षणांत खालून बाहेर आलं. कुंडी तिरकी करून पाहिली तर भरल्या पाण्यानंतरही हलकी. खालून वाहिलेलं पाणी बघून काकूंना वाटायचं पोटभर पाणी मिळालं, आणि मधला मातीचा गोळा महिनोन्महिने कोरडा ठणठणीत होता. कोकोपीटचं मिश्रण एकदा पार सुकलं की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून निघून जातं.

म्हणून वरची माती ओली दिसली तरी विश्वास ठेवू नका. वीतभर लांबीची बांबूचीच एक काडी मातीत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटून आली तर ओल आहे. कोरडी आली तर त्या कुंडीला वरून पाणी घालून भागणार नाही. पाण्याने भरलेल्या टबात कुंडी अर्धा तास ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर काडीने मातीत सात-आठ खोल भोकं पाडा आणि तासातासाने तीन वेळा थोडंथोडं पाणी सोडा.

जमिनीतल्या बेटाचा घोटाळा वेगळा असतो. ठिबकचा एकच ड्रिपर लागवडीच्या वेळी बुडाशी बसवलेला असतो आणि तो तिथेच राहतो. बेट मात्र दरवर्षी बाहेर सरकतं. नवे कंद आणि पाणी घेणाऱ्या कोवळ्या मुळ्या परिघावर, आणि पाणी मधल्या म्हाताऱ्या बांबूंना! ड्रिपरची नळी बेटाभोवती गोल फिरवा, चार-पाच ड्रिपर करा. रोज पाच मिनिटं ठिबक सोडण्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या, म्हणजे ओल फूटभर खाली उतरते. मधल्या दिवसांत वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. मुळ्यांना पाण्याइतकीच हवाही लागते.

पाणी कुठून येतंय?

टोकं आणि कडा जळत असतील तर माझा संशय आधी पाण्यावर जातो. कुंडीच्या कडेवर किंवा मातीवर पांढरा खार दिसतोय का? बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठत जातात आणि सगळ्यात आधी पानाचं टोक जाळतात, कारण पाण्याबरोबर चढलेले क्षार तिथेच जमा होतात.

अलीकडे दोन नवी कारणं फार दिसतात. एक, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी. ते फुकट जाऊ नये म्हणून झाडांना घालतात. हेतू चांगला, पण मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, कुंडीला नको. दुसरं, सोसायटीचा सॉफ्टनर प्लांट. तो पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. त्या पाण्याने बादलीवरचे डाग थांबतात, पण माती घट्ट होत जाते आणि मुळ्यांचा श्वास कोंडतो. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर आहे की नंतरच्या, हे प्लंबरला विचारा. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, पण तो एकूण क्षारच दाखवतो, सोडियम वेगळं दाखवत नाही. म्हणून हा प्रश्न विचारणं मीटरपेक्षा महत्त्वाचं.

उपाय एकच, धुऊन काढणं. कुंडीच्या आकाराच्या तिप्पट गोडं पाणी, म्हणजे महापालिकेचं किंवा पावसाचं, सावकाश ओता आणि खालून पूर्ण वाहून जाऊ द्या. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी लगेच फेका. पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखालून उघड्यावर काढल्या तरी हे काम आपोआप होतं.

पानाची मागची बाजू

एक पांढरा कागद घ्या, त्यावर फांदी झटका आणि भिंगातून बघा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर ते पानांचा रस शोषणारे कोळी. पानाच्या मागे मधल्या शिरेलगत बारीक दाट जाळं असतं, आणि त्याच जागी पुढच्या बाजूला फिकट पट्टे. कोरड्या हवेत, भिंतीलगत, पत्र्याखाली हे हमखास. पहिला उपाय औषध नाही. पाइपला तोटी लावून पानांच्या मागच्या बाजूने जोरात पाणी मारा, तीन दिवसांआड, तीन आठवडे. अंडी त्या काळात टप्प्याटप्प्याने फुटत राहतात, म्हणून एकदाच धुऊन उपयोग नाही. एवढ्याने नाही भागलं तर लिटरला 5 मिली नीम तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी. विरघळणारं गंधकही चालतं, पण नीम तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे जाऊ द्या आणि पारा पस्तिशीकडे चढत असेल तर गंधक अजिबात मारू नका, पानं भाजतात.

पानं चिकट आणि काळी असतील तर दोष काजळीचा नाही. वरच्या फांद्यांवर मावा असतो किंवा पेरांवरच्या (सांध्यांवरच्या) वाळक्या आवरणांखाली पिठ्या ढेकूण लपलेला असतो. त्याच्या गोड चिकट्यावर काजळी वाढते आणि मुंग्या त्याची राखण करतात. ती वाळकी आवरणं हाताने सोलून काढा. हातमोजे मात्र घाला, कारण बऱ्याच बांबूंच्या आवरणांवर बारीक कूस असते आणि ती अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

म्हातारे बांबू काढलेत का?

सहा-सात वर्षं हात न लावलेल्या बेटाच्या मधोमध निम्मे बांबू पिवळे, विटके आणि डाग पडलेले असतात. नवा बांबू ओळखायला सोपा. त्याच्या पेराखाली पांढरी भुकटी असते आणि बुडाशी आवरणं टिकून असतात. तीन वर्षांवरचे राखाडी, बुरशीचे ठिपके पडलेले बांबू विरळ करा. एका वर्षात एकतृतीयांशापेक्षा जास्त काढू नका, कारण नव्या कोंबांना लागणारं अन्न याच जुन्या बांबूंच्या पानांत तयार होतं. काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करा, कोंब येण्याच्या पावसाळ्यात नाही. कापताना जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर कापा. पेराच्या वर चार बोटं कांडं सोडलं की त्याची वाटी होते, पाणी साठतं, ती कुजते आणि त्यात डास होतात.

नवं पान पिवळं आणि शीर हिरवी असेल तर माती उकरा

इथून पुढे पहार लागते. सिंहगड रस्त्याला एका नव्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीलगत चाळीस फूट लांबीत बांबू लावला होता. लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी शेंड्याची पानं जवळजवळ पांढरी. तोवर तीनदा खत घालून झालं होतं. मी खुरप्याने वरची लाल माती बाजूला केली, ती जेमतेम वीतभर होती. खाली पहार मारली की ठण्ण आवाज. फरशीचे तुकडे, प्लास्टरची ढेपं, सिमेंटच्या गोण्यांचे दगड झालेले गोळे. मूठभर माती बशीत घेऊन त्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाकलं. इनो टाकल्यासारखी माती फसफसली.

ही व्हिनेगरची चाचणी काही रुपयांत होते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाचवते. माती फसफसली म्हणजे तिच्यात चुना आहे. राडारोड्यातल्या सिमेंटमुळे किंवा देशावरच्या चुनखडीच्या जमिनीमुळे मातीचा सामू (पीएच) चढतो. लोह मातीत असतं, पण अशा मातीत ते विरघळत नाही, म्हणून मुळ्यांना मिळत नाही. झाडाला जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे पाठवता येत नाही, त्यामुळे उपासमार नव्या पानावर दिसते. नत्राचं बरोब्बर उलटं. ते जुन्या पानातून काढून नव्याला दिलं जातं, म्हणून नत्र कमी पडलं की जुनं पान पिवळं होतं. जुनं की नवं हा प्रश्न मी फोनवर का विचारतो, ते यामुळे.

फसफसणाऱ्या मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, लगेच निकामी होतं. दुकानात 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळ्यांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मागा. पाकिटावर 'ईडीटीए' असेल तर ते अशा चढ्या सामूत टिकत नाही. पाकिटावरच्या मात्रेने बेटाच्या परिघावर ओल्या मातीत द्या. तात्पुरता आधार म्हणून लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारता येतं. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. खरा उपाय मात्र राडारोडा काढण्याचाच. त्या सोसायटीत आम्ही बेटाच्या बाहेरच्या बाजूने दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर खणला, माल उचलला, आणि पोयटा (गाळाची माती) व शेणखत निम्मंनिम्मं भरलं. मुळ्या पावसाळ्यात त्या चरात उतरल्या.

निचरा आणि गुंतलेल्या मुळ्या

कुजका वास असेल तर बेटाशेजारी फूटभर खोल खड्डा करा, पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर खाली काळी चिकण माती किंवा धुमस करून (ठोकून) घट्ट केलेला मुरूम आहे. मुळ्या गुदमरतायत. पाणी बाहेर नेणारा उताराचा चर काढा. तरुण बेट असेल तर नव्याने उंचवट्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी नुसती खडी भरू नका, पाणी त्यात साचून राहतं.

कुंडीतल्या बांबूला दर दोन-तीन वर्षांनी कुंडीबाहेर काढावंच लागतं. काकूंची कुंडी उपडी केली तेव्हा माती दिसलीच नाही, पायपुसण्यासारखी मुळ्यांची विणलेली वेटोळी निघाली. करवतीने गोळ्याचे दोन भाग केले, कडेच्या मुळ्या दोन-तीन बोटं कापल्या, प्रत्येक भागात तीन-चार तरी बांबू आणि त्यांचे कंद ठेवले. वरून एकतृतीयांश उंची छाटली, कारण मुळ्या कापल्यावर तेवढ्या पानांना पाणी पुरवणं त्यांना जमत नाही. हे काम मृगाचा पाऊस स्थिरावला की करा. एप्रिलच्या उन्हात केलेली विभागणी सहसा जगत नाही.

आता खत

वरचं सगळं ठीक आहे, हंगाम पानगळीचा नाही, आणि तरी जुनीच पानं एकसारखी पिवळी होतायत? तर बांबू खरंच उपाशी आहे. कोकणात आणि गोव्यात हे जास्त दिसतं, जांभ्याच्या मातीतून पावसाने नत्र धुऊन जातं. तिथे चुन्याची शंका घेऊ नका. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये बेटाला दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत परिघावर द्या, मोठ्या कुंडीला ओंजळभर गांडूळखत. बांबू हे गवत आहे, नत्र त्याला आवडतं, पण ओल्या मातीत आणि थोडंथोडं.

जळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का ते नव्या पानांवरून कळतं, आणि त्याला सहा ते आठ आठवडे द्या. त्या काळात दुसरा उपाय सुरू करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बांबू विजेच्या तारांना टेकला असेल तर कोयता हातात घेऊ नका. ओल्या बांबूतून करंट उतरतो. महावितरणला कळवा, लाइन बंद झाल्यावरच छाटणी. दाट बेटात साप दिसला तर सर्पमित्राला फोन करा. तो येईपर्यंत बेट हलवू नका, पाणीही मारू नका.

गच्चीवर कुंडीच्या भोकातून मुळ्या बाहेर येऊन फरशीच्या सांध्यात किंवा पावसाच्या पाइपात शिरल्या असतील, किंवा खालच्या छताला ओल आली असेल, तर कुंडी ओढून काढू नका. मुळीबरोबर वॉटरप्रूफिंगही उचकटतं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा वॉटरप्रूफिंग करणारा माणूस. बांबू बेट न करता दूरदूर कोंब काढत भिंतीखालून शेजारी जात असेल, तर तो पळणाऱ्या जातीचा आहे. त्याला जमिनीत उभा अडथळा घालावा लागतो, आणि पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाइन माहीत असल्याशिवाय तो खड्डा घरच्या घरी खणू नये.

काही कोंब दरवर्षी अर्ध्यावर वाळतात, ते नेहमीचं आहे. पण पूर्ण वाढलेले नवे बांबू एकापाठोपाठ एक शेंड्यापासून खाली तपकिरी होत वाळत आले, तर बुरशीचा रोग असू शकतो. ते कापून जाळा, कोयता स्पिरिटने पुसा, आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या रोगशास्त्र विभागात नमुना न्या. पेरांवर भाताच्या लोंबीसारखे झुपके दिसले तर तो फुलोरा. अनेक जातींत फुलोऱ्यानंतर बेट मरतं आणि कोणतंही खत ते थांबवत नाही. त्यावर औषध विकायला कोणी आला तर घेऊ नका.

नमुना नेताना एक पिवळं पान पुरत नाही. एक जुनं पान, एक नवं पान आणि एक अख्खी डहाळी वेगवेगळ्या कागदात गुंडाळा, पिशवीत हवा राहू द्या. परिघावरची, वीतभर खालची अर्धा किलो माती आणि बागेच्या नळाचं बाटलीभर पाणी बरोबर घ्या. गेल्या सहा महिन्यांत काय काय घातलं ते तारखांसकट कागदावर लिहून न्या.